नॉयहोफच्या कावळ्याला दिलेला शब्द

नॉयहोफला मुद्दाम असं कुणी जात नाही. हायवे सोडला की मक्याच्या शेतांमधून रस्ता सरळ जातो, इतका सरळ की ड्राइव्ह करणाऱ्याला डुलकी यावी. मग एकदम चर्चचं टोक दिसतं आणि त्याच्या पायाशी लाल विटांची घरं, एकमेकांना खेटून, थेट रस्त्याला लागून. अमेरिकेत असं नसतं. अमेरिकन शेतकरी आधी शेत घेतो, शेताच्या मधोमध घर बांधतो आणि लांबवर शेजाऱ्याचा धूर दिसला तरी म्हणतो, फार गर्दी झाली बुवा! नॉयहोफ वसवणारे जर्मन होते. हॅनोव्हरकडच्या एकाच चर्चची माणसं, पाद्र्यासकट आणि चर्चच्या घंटेसकट बोटीत बसून आली, ती ओहायोत येऊन थांबली. त्यांनी आधी गाव आखलं आणि शेतं गावाबाहेर ठेवली. पुढे रस्ता, मागे लांबट परसं, आणि दर शनिवारी सकाळी ज्याने त्याने आपल्या दारापुढचा रस्ता झाडायचा. आता गावाच्या तोंडाशी ‘ऐतिहासिक वस्ती’ अशी पाटी आहे. पाटी लागली की खुशाल समजावं, गाव संपलं. जिवंत गावाला कोण पाटी लावतो?

या गावात वैदेही टेंबे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं राहिली. आपल्या हौसेने नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको.

तिचा नवरा श्रीरंग, मिरजेचा डॉक्टर. त्या काळी अमेरिकन डॉक्टर जिथे पाऊल टाकायला तयार नसत तिथे आपल्या डॉक्टरांना नोकऱ्या मिळत. नॉयहोफचा म्हातारा डॉक्टर वारला होता आणि त्याचं घर, दवाखाना, सगळं रिकामं पडलं होतं. श्रीरंग नव्या बायकोला घेऊन नोव्हेंबरच्या गारठ्यात तिथे उतरला. ‘दोन वर्षं काढू, मग शिकागो,’ म्हणाला. बायकोने विश्वास ठेवला. बायका ठेवतात.

पहिल्या शनिवारी सकाळी वैदेहीने पडदा बाजूला केला, तर अख्खी गल्ली झाडू घेऊन रस्त्यावर! हिनेही स्वेटरवर कोट चढवला, झाडू घेतला आणि खाली वाकून आपल्या पद्धतीने सरासरा झाडलं. समोरच्या हिल्डा आजीने बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. पास! त्या दिवसापासून गावाने तिला आपलं म्हटलं, पण नावाने कधी हाक मारली नाही. ती ‘मिसेस डॉक’. केक घेऊन येत, तिच्या बाळंतपणात जेवणाचे डबे आणून ठेवत, बर्फ पडला की न सांगता दार मोकळं करून जात. वाईट माणसं म्हणावीत तर अजिबात नाही. पण दारात उभं राहून दोन वाक्यं बोलायची, हवेबद्दल, आणि निघायचं. वैदेही म्हणजे मूळची बोलघेवडी बाई. दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर बसून इंग्रजीत गोड बोलायची आणि संध्याकाळी नवरा घरी आला की पेपरात डोकं खुपसायचा. तिच्या तोंडातलं मराठी तोंडातच शिळं व्हायचं. मुलगी झाली, चारुता, तेव्हा कुठे तिला बोलायला माणूस मिळालं. पोरीशी ती अखंड बोलत सुटली. म्हणून तर चारुता नॉयहोफमध्ये वाढूनही मराठी बोलते, अडखळत का होईना.

दोन वर्षांची दहा झाली, दहाची वीस. शिकागोचं नाव निघालं की श्रीरंग म्हणायचा, ‘अगं, या लोकांना टाकून मी कुठे जाणार?’ त्याला गाव मनापासून आवडायचं. त्याला कुणी बोललंच नाही तरी चालायचं, हाच मुळात फरक.

एका वर्षी हिल्डा आजीला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण इंग्रजी पार पुसून गेलं. बोलायची ती फक्त लहानपणची जर्मन, तीही शहरी नव्हे, तिच्या आजोळची खेडवळ बोली. आणि अख्ख्या जर्मन गावात ती कळणारं एक माणूस उरलं नव्हतं! याचंही कारण होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली तेव्हा बाहेरचे लोक ट्रक भरून नॉयहोफमध्ये आले. चर्चच्या पायऱ्यांवर जर्मन प्रार्थनेची पुस्तकं जाळली, गद्दार म्हणून मास्तरच्या दाराला पिवळा रंग फासला. गल्ल्यांची नावं एका आठवड्यात बदलली. सहा वर्षांची हिल्डा तेव्हा आईचा हात धरून बघत होती. त्यानंतर आयांनी पोरांशी जर्मन बोलणं सोडलं. हिल्डानेही आपल्या मुलाला, ऑटोला, एक शब्द शिकवला नाही. पोराला पुढे त्रास नको, म्हणून. आई आहे ती.

तर शेवटच्या दिवसांत हिल्डा आजी बिछान्यातून एकच काहीतरी पुन्हा पुन्हा मागत होती. ऑटो, चांगला चाळिशीतला आडदांड शेतकरी, खाटेशी उभा. कधी पाणी द्यायचा, कधी उशी सरकवायचा, कधी खिडकी उघडायचा. ती मान हलवायची, नाही, नाही, आणि पुन्हा तेच. शेवटी तो रडवेला होऊन वैदेहीला म्हणाला, ‘मिसेस डॉक, तुम्हाला कळतंय का ती काय म्हणते?’ जणू एका परक्याला दुसऱ्या परक्याची भाषा कळतेच! आजी गेली. काय मागत होती ते कुणालाही कळलं नाही.

घरी येऊन वैदेही श्रीरंगला म्हणाली, ‘अहो, मी इथे मरणार नाही. सांगून ठेवते. माझं बोलणं कळणारं कुणीतरी उशाशी हवं.’

‘मी आहे ना,’ तो म्हणाला.

‘आणि तुम्ही आधी गेलात तर?’

तो हसला. आणि आधी गेला. पुरुषांना एवढं नेमकं जमतं.

तोवर गावाची रया गेली होती. शाळा बंद झाली, विटांचा कारखाना तर केव्हाच बंद पडला होता. श्रीरंग निवृत्त झाला आणि दवाखान्याच्या जागेत जुन्या वस्तूंचं दुकान आलं. ऑक्टोबरात बाहेरचे लोक जुन्या जर्मन थाटाच्या चामडी चड्ड्या घालून बिअर विकायला येतात, तेवढीच काय ती जर्मनी. पण वैदेहीला एक आशा लागली होती. चारुता लांब दक्षिणेत, अल्फारेटा शहरात राहायची, नवरा देवांग अमेरिकेतच जन्मलेला, गुजराती घरातला. त्यांना उशिरा मुलगी झाली, नैना. वैदेही बाळंतपणाला गेली ती आठ महिने राहिली आणि त्या पोरीच्या कानात तिने मराठी ओतलं. पोरीचा पहिला शब्द ‘काऊ’. तीन वर्षांची होईतो वैदेहीच्या खेपा चालूच होत्या, आणि नैना ‘आजी, इकले ये ना,’ ‘मला नको, तूच खा,’ असं बोबडं, अस्सल, बोलायला लागली होती. वैदेहीला दुसरं काही नको होतं. आपण मरताना एक तरी माणूस मागे राहील, आपल्या बोलीत बोलणारं, एवढंच. तुम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटत असेल तर तुमच्या आजूबाजूला मराठी बोलणारे फार आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

ऑगस्टात श्रीरंग गेला. परसात टोमॅटो तोडता तोडता खाली बसला, तो उठलाच नाही. चारुता, देवांग, नैना धावत आले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चारुता म्हणाली, ‘आई, आता तू आमच्याकडेच राहायचं. घर विकून टाकू. नैनाला मी डे-केअरमध्ये घालत नाही मग. तुझ्याजवळ राहील दिवसभर.’

वैदेहीने ‘बघू’ म्हटलं. पण आत काय झालं सांगू? आत तिला आनंद झाला. नवरा जाऊन चार दिवस झालेले, डोळ्यांतलं पाणी खळलेलं नाही, आणि त्याच डोळ्यांपुढे अल्फारेटातली खोली, नैनाचं अंथरूण, दुपारच्या गोष्टी! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दहाव्याला कोलंबसहून गुरुजी आले, त्यांच्या ओळखीची तीन-चार मराठी कुटुंबं आली. परसात गवतावर चारुताने पिंड ठेवला. मंडळी पांढऱ्या कपड्यांत जरा मागे सरकून उभी राहिली. आता कावळ्याने शिवायचं. श्रीरंग हयातभर या प्रकाराला हसत आला होता, वैदेहीही बी.एस्सी. झालेली, तीही हसायची. पण दहाव्याला उभं राहिल्यावर कुणी हसत नाही, करून बघा.

कावळे होते. लांब मेपलवर बसले होते, ओरडत होते. पण एक खाली येईना. शेतांकडून अधूनमधून धाड् धाड् आवाज यायचा, गुरुजी दर वेळी दचकायचे. ‘हे काय हो?’ त्यांनी देवांगला विचारलं. ‘समथिंग कन्स्ट्रक्शन असेल,’ तो म्हणाला. वैदेहीला तो आवाज ऐकूही आला नाही. दर उन्हाळ्याचा आवाज तो, कान मेले होते.

चारुता हात जोडून म्हणाली, ‘बाबा, मी आईला नीट सांभाळीन.’ नाही. देवांग मोडक्या मराठीत म्हणाला, ‘बाबा, नैनाला डॉक्टर करू.’ नाही. ऊन चढलं. पाहुण्यांची चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी कुजबुजलं, ‘काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात.’ लोकांना काय, बोलून मोकळे होतात! ते वैदेहीच्या काळजात सुरीसारखं गेलं. आपल्या नवऱ्याला कळलंय, तिच्या मनात आलं. मला आनंद झाला ते कळलंय त्यांना.

गुरुजी भले माणूस. म्हणाले, ‘काकू, दर्भाचा कावळा करतो, तो शिवला तरी चालतं. शास्त्र आहे तसं.’ आणि त्यांनी पिशवीतून दर्भ काढलासुद्धा.

‘नको,’ वैदेही म्हणाली. गवताच्या कावळ्याने फसवून त्यांना वाटेला लावायचं? ती पुढे झाली. हात जोडले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, ‘अहो, ऐका. मी हे घर सोडणार नाही. तुमचं गाव सोडणार नाही. इथेच राहीन शेवटपर्यंत. झालं?’

‘आई!’ चारुता ओरडली.

थोडा वेळ सगळं शांत. मग मेपलवरून एक कावळा निघाला, कुंपणावर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि टुणकन पिंडावर उतरला. मागोमाग आणखी दोन. देवांगच्या कडेवरून नैना टाळ्या पिटत ओरडली, ‘काऊ! आजी, काऊ आला!’ पाहुण्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सगळे जेवायला आत गेले.

चारुता भांडली. रडली. ‘आई, इट्स अ बर्ड! पक्षी आहे तो! तू नाहीतर डे-केअर, मग घरात फक्त इंग्लिश. मला एवढं येतं तरी कुठे मराठी?’ वैदेहीला काय कळत नव्हतं? पण शब्द गेला होता, आणि तोही नवऱ्याला, आणि तोही मनात चोरून आनंद झाल्यावर. महिन्याभराने तिने गुरुजींना फोन करून विचारलं, असा शब्द परत घेता येतो का? ते म्हणाले, ‘शास्त्रात तसं बंधन नाही काकू, पण शेवटी तुमच्या मनाला काय वाटतं?’ म्हणजे घोंगडं पुन्हा हिच्याच गळ्यात.

ती राहिली. वर्षातून एकदा पंधरा दिवस अल्फारेटाला जायची आणि घर उघडायला परत यायची. मग कोविड आला, दोन वर्षं तेही बंद. उरला तो रविवारचा व्हिडिओ कॉल. वैदेही स्क्रीनला नाक लावून बोलायची, आज काय केलंस, काय खाल्लंस, दात पडला का गं. नैना मान डोलवायची. ‘हो आजी.’ आधी आणखी काही बोलायची, मग तेवढंच राहिलं. ‘बोलत नाही हं ती,’ चारुता म्हणायची, ‘पण समजतं तिला सगळं.’ अमेरिकेतल्या आपल्या प्रत्येक घरात हे वाक्य ऐकायला मिळतं. वैदेहीने ते उराशी धरलं. समजतं ना? मग झालं. बी आहे आत, पाणी घातलं की उगवेल.

गल्लीतली घरं एकेक करून बंद झाली. शनिवारी झाडू घेऊन बाहेर येणारी ती आणि ऑटो, दोघंच उरली. तोही सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली, मुलं टेक्सासला. गेल्या वसंतात तो तिच्या घराची पन्हळ नीट करायला आला होता. काम झाल्यावर पायऱ्यांवर कॉफी घेत बसला. बोलता बोलता म्हणाला, ‘मिसेस डॉक, एक राहूनच गेलं. डॉकच्या त्या प्रार्थनेच्या दिवशी माझ्या तोफेने तुम्हाला फार त्रास दिला. सॉरी.’

‘कसली तोफ?’

‘गॅसची. स्वीट कॉर्नवर कावळे बसू नयेत म्हणून लावतो ना, आपोआप वाजते. मी गोठ्यापाशी होतो. बघितलं तर तुम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे, तुमचे पाद्री उभे. मला वाटलं, प्रार्थना चालू आहे आणि आपण धाडधाड काय लावलंय! लगेच गेलो आणि बंद केली.’

वैदेहीने कप खाली ठेवला. ‘कधी बंद केलीस, ऑटो? आठवतंय?’

‘तुम्ही एकट्या पुढे आलात ना हात जोडून, तेव्हाच. मला फार वाईट वाटलं बघून.’

वैदेही हसायला लागली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात, ते हेच की! हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ऑटो घाबरून उभा राहिला. ‘सहा वर्षं,’ ती मराठीत म्हणाली. ‘अरे मेल्या, सहा वर्षं! अर्धा तास आधी का नाही बंद केलीस?’ ऑटोला काही कळलं नाही. तो पाणी आणायला आत पळाला.

त्याच दुपारी तिने चारुताला फोन केला. ‘मला घेऊन जा.’ चारुताने कारण विचारलं नाही, शनिवारी येते म्हणाली. आली, आणि दोन बॅगांत आईला घेऊन गेली. ऑटोने हातात हात घेतला, हवेबद्दल दोन वाक्यं बोलला आणि निघाला. वैदेहीने मागे वळून घराकडे बघितलंही नाही. श्रीरंगला मनातल्या मनात म्हणाली, ‘आता रुसा काय रुसायचं ते.’

अल्फारेटात खोली तयार होती. नैना नऊ वर्षांची, उंच, चष्मा लावलेली, फार गुणी पोर. आजीला मिठी मारली, बॅग उचलून नेली. सोमवारी चारुता आणि देवांग कामावर गेले आणि शाळेला सुट्टी होती, तेव्हा दोघीच घरात. वैदेहीने या दुपारची वाट किती बघितली होती! तिने नैनाला पलंगावर जवळ बसवून घेतलं आणि बोलायला लागली. आजोबांचं सांगितलं. कावळ्याचं सांगितलं, ऑटोच्या तोफेचं सांगितलं. ‘तू काऊ काऊ ओरडली होतीस, आठवतं?’

‘हो आजी,’ नैना म्हणाली.

‘मला तेव्हाच यायचं होतं गं तुझ्याकडे. मूर्खपणा केला मी. रागावली नाहीस ना?’

‘हो आजी.’

वैदेही हसली. मुलं अशीच, ध्यान कुठेतरी असतं. तिने पोरीच्या हातावर हात ठेवला. ‘आता मी इथेच राहू ना? तुझ्याजवळ?’

‘हो आजी.’ गोड, लगेच. मानसुद्धा तशीच हलली, स्क्रीनवर हलायची तशी. वैदेहीचा हात होता तिथेच थांबला. तिने चष्म्याआडच्या त्या डोळ्यांत नीट बघितलं. डोळे तिच्या ओठांकडे लागले होते, कधी थांबते आणि कधी उत्तर द्यायचं, ते बघत.

विचारू नये असं तिला वाटलं. तरी तिने विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

‘की मी परत जाऊ, नैना? आत्ताच्या आत्ता निघून जाऊ?’

‘हो आजी,’ नैना म्हणाली आणि छान हसली.

वैदेहीने नैनाच्या केसांवरून हात फिरवला आणि इंग्रजीत विचारलं, शाळेत तुला कुठला विषय सगळ्यात जास्त आवडतो. नैना एकदम सरसावून बसली आणि भरभर सांगायला लागली.